बिनलग्नाचा मांडव

माणसाने जमिनीवर झोपण्यासाठी माणशी अडीच हजार रुपये द्यावेत, ही गोष्ट चांगदेव हिंगे यांच्या गळ्याखाली उतरेना. देणारा कोणी परका असता तर त्यांनी 'चालायचंच' म्हणून सोडून दिलं असतं. पण देणारा त्यांचा साडू होता. कळंबला ठिबकच्या नळ्यांचं दुकान चालवणारा अमृत कुठल्याशा तळ्याकाठी दोन दिवस तंबूत राहून आला होता, आणि त्याने त्याचे त्रेचाळीस फोटो सासरच्या ग्रुपवर टाकले होते. अमृत तंबूच्या दारात. अमृत शेकोटीपाशी. अमृत सकाळी चहाचा कप धरून पाण्याकडे असा बघतोय, जणू पाण्याने त्याचा सल्ला विचारलाय. शेवटच्या फोटोखाली त्याने लिहिलं होतं, 'कधीतरी ऑफिसच्या बाहेर पडा, साडूभाऊ!'

हे वाक्य चांगदेवांच्या वर्मी लागलं. जुन्नरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ते मुख्य लिपिक होते. बावीस वर्षं ते खिडकीच्या आतल्या बाजूला बसत होते आणि बाहेरच्या बाजूला माणसं उभी राहत होती. ह्या मांडणीत काही कमी आहे, असं त्यांना आजवर कोणी सुचवलं नव्हतं.

"अडीच हजार!" ते बायकोला म्हणाले. "माझ्या आजोबा-पणजोबांनी उभी हयात रानात झोपून काढली. त्यांना कोणी पावती फाडायला आलं नाही!"

"मग तुम्हाला तरी कोण जा म्हणतंय?" वृषाली म्हणाली. ती मेथी निवडत होती.

प्रश्न अगदी रास्त होता, म्हणूनच चांगदेवांना राग आला. "आपण जायचं," त्यांनी जाहीर केलं. "पुढच्या शनिवारी. चौघंही. अमृतच्या एका माणसाच्या पैशात आपली चार माणसं. आणि त्याच्यापेक्षा आरामात!"

ह्या 'आरामात'नेच पुढे घात केला. जो माणूस नुसता रानात जातो, त्याला एक घोंगडी पुरते. जो आरामात रानात जायचं म्हणतो, त्याला निम्मं घर उचलून न्यावं लागतं. हे कोणत्याही धनगराने त्यांना फुकट सांगितलं असतं. पण चांगदेवांनी धनगराला विचारलं नाही, घरच्यांना विचारलं.

त्यांच्या आईला, साळुबाईंना, आधी मुद्दाच कळेना.

"मंजी रानात निजायचं, येवढंच ना? मग अवसरीला हाये की आपलं रान. तितं निज जाऊन."

"आई, ते शेत आहे. तिथे कॅम्पिंग करत नाहीत. पाणी लागतं समोर. डोंगर दिसावा लागतो."

"अवसरीला कॅनॉल हाये."

"कॅनॉल चालत नाही!"

"बरं बाबा," साळुबाई म्हणाल्या. "पन मी भुईवर बसले तर मला उठवाया चार मानसं लागत्यात. माजी बाज घ्या."

बाज ठरली. हर्षाली, वय पंधरा, इयत्ता दहावी, तिने मोबाइलमधून डोकं वर न काढता सांगितलं की तिला यायचं नाही, आणि न्यायचंच असेल तर चार्जिंगची सोय पाहिजे. म्हणून इन्व्हर्टरची बॅटरी ठरली. आणि वृषालीने मेथीची जुडी खाली ठेवून एकच प्रश्न विचारला. "बायकांच्या सोयीचं काय? ते आधी सांगा. बाकी डोंगर मी नंतर बघेन."

ह्या प्रश्नासाठी चांगदेवांनी दोन संध्याकाळी गॅलरीत घालवल्या. जुनी प्लास्टिकची खुर्ची घेऊन त्यांनी करवतीच्या पात्याने तिच्या बैठकीला मधोमध भोक पाडलं. पहिलं भोक एका बाजूला गेलं. ते मध्यावर आणायला दुसऱ्या बाजूने कापावं लागलं. मग ते लांबट दिसायला लागलं, म्हणून गोल करावं लागलं. शेवटी कडा पॉलिशपेपरने घासून मऊ केल्या, कारण आरामात म्हणजे आरामात. तेव्हा लक्षात आलं की खुर्चीत भोक बरंच आहे आणि खुर्ची फारशी नाही. पण जपून बसलं तर चालण्यासारखं होतं.

तंबूसाठी ते बाजारपेठेत बदरुद्दीनभाईंकडे गेले. बदरुद्दीनभाईंचा मांडव-डेकोरेशनचा धंदा वडिलांपासूनचा. तालुक्यातल्या निम्म्या लग्नांना त्यांच्याच कापडाखाली सावली मिळाली होती.

"साधी ताडपत्री द्या, भाई. खाकी किंवा हिरवी."

"साहेब, ताडपत्रीचा तुकडा न्हाई दुकानात. सगळी कांद्यावर गेली," भाई म्हणाले. "मांडवाचं कापड हाये. लाल-पिवळं. दोन कनाती जोडून तुमाला झकास तंबू शिवून देतो. भाडं काय द्यायचं ते द्या."

"लाल-पिवळं म्हणजे जरा..."

"तंबूला रंग बघायचा नसतो. दोरी बघायची!"

मशिनवर त्यांची बायको बिबिजान बसली होती. तिने कनाती जोडल्या, अंगाला धरून पाहिल्या, आणि म्हणाली, "असं बोडकं न्हाई बरं दिसत. तुमी काय रोज रोज जाताय?" असं म्हणून तिने कडेने सोनेरी झालर लावली. उरलेल्या कापडाचा खुर्चीभोवती धरायला एक आडोसाही शिवला, आणि त्यालाही झालर लावली. चांगदेव नको-नको म्हणत होते, पण ती पैसे घेत नव्हती, त्यामुळे त्यांना रागावता येईना. घरी येऊन कापड उलगडल्यावर दिसलं की तंबूच्या पाठीवर फूटभर उंचीच्या अक्षरात 'सुस्वागतम्' लिहिलेलं आहे.

"पाठीमागे आहे," चांगदेव म्हणाले. "कोण बघतंय?"

इथवर सगळं ठीक होतं. पण वरच्या मजल्यावरचे भरत गुरुजी, निवृत्त, जिन्यात भेटले.

"जागा कुठली म्हणालात?"

"डोहवाडीजवळ. धरणाच्या फुगवट्याला."

"म्हणजे सरकारी," गुरुजी म्हणाले. "उद्या कोणी उठवलं तर? हातात कागद असलेला बरा, हिंगेसाहेब. तुम्हाला काय सांगायचं!"

दुसरा कोणी असता तर ऐकून वर चढला असता. पण चांगदेवांची सगळी श्रद्धा कागदावर. माणूस खोटं बोलतो, कागद बोलत नाही, असं ते दरवर्षी नव्या शिपायाला सांगत. गुरुवारी त्यांनी रजा टाकली.

पहिल्या कार्यालयात सांगण्यात आलं की जमीन आमची आहे, पण तिच्यावर जे उभं राहील ते आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या कार्यालयात सांगण्यात आलं की उभं राहील ते आमच्याकडेच येतं, पण जमीन आमची नाही. तिसऱ्या ठिकाणी साहेब जेवायला गेले होते. चांगदेव तिथे खिडकीच्या बाहेर उभे राहिले. एक तास दहा मिनिटं. बावीस वर्षांत त्यांनी खिडकी ह्या बाजूने कधी पाहिलीच नव्हती. ती फार खाली असते. कितीही ताठ माणूस असो, बोलायला वाकावंच लागतं. हे कोणी मुद्दाम केलंय, अशी त्यांची खात्री झाली आणि ते संतापले. आपल्या कार्यालयातली खिडकीही एवढीच खाली आहे, ही गोष्ट त्या वेळी त्यांना आठवली नाही.

आतल्या पोरगेल्या लिपिकाने संगणकावर अर्ज उघडला. "कार्यक्रमाचा प्रकार सांगा. विवाह, हरिनाम सप्ताह, दशक्रिया, प्रचारसभा, तमाशा."

"कॅम्पिंग."

"ते ह्यात नाही."

"मग 'इतर' करा."

"इतर पण नाही."

चांगदेवांनी विचार केला. दशक्रिया घरात म्हातारी आई असताना शक्य नव्हती. सप्ताहाला सात दिवस लागतात, रजा एकच शिल्लक होती. प्रचारसभा आणि तमाशा ह्यातलं काहीही मुख्य लिपिकाला शोभण्यासारखं नव्हतं.

"विवाह टाकतो," लिपिक म्हणाला. "नुसती फॉर्म्यालिटी आहे. वधूचं नाव?"

"वधू कशाला?"

"लाल फुली आहे तिथे. भरल्याशिवाय पुढे जात नाही. घरात मुलगी आहे ना? तिचं टाका. फॉर्म्यालिटी!"

हा शब्द चांगदेवांनी स्वतः आजवर हजारो पालकांना ऐकवला होता. त्यामुळे त्याला काय उत्तर द्यायचं हे त्यांना माहीत नव्हतं, कारण ते उत्तर त्यांनी कधी ऐकूनच घेतलं नव्हतं. त्यांनी नाव सांगितलं. वराच्या नावालाही लाल फुली होती. तिथे लिपिकाने 'ठरायचे आहे' असं लिहिलं, शिक्का मारला आणि कागद खिडकीतून बाहेर सरकवला. चांगदेवांनी त्याची घडी करून ती प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवली. घरी मात्र त्यांनी एवढंच सांगितलं, "परवानगी मिळाली." अर्जाची एक प्रत आपोआप डोहवाडीच्या ग्रामपंचायतीकडे जाते, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

शनिवारी दुपारी पिकअप निघाली. बाज उलटी टाकून वर बांधली होती. तिच्या खाली लोखंडी पेटी, बॅटरी, गाद्या, स्टोव्ह, खुर्ची आणि लाल-पिवळ्या कापडाचा गठ्ठा. वाऱ्याने झालर बाहेर येऊन फडफडत होती. वाटेत एका फाट्यावर चहा पिणाऱ्या म्हाताऱ्याने हात वर करून विचारलं, "रुखवत कुनीकडं निघालं, पावणं?" पिकअपवाला हसला. चांगदेव हसले नाहीत.

डोहवाडीच्या खाली, पाण्यापासून थोडं वर एक सपाट माळ होता. पिकअपवाल्याने सामान उतरवलं, माळाला लागून असलेल्या उसाकडे एक नजर टाकली, "अंधार पडल्यावर पान्याकडं जाऊ नगा, बिबट्या फिरतो," असं सांगितलं आणि तो निघून गेला. तंबू उभा करायला दोन तास लागले. एकदा तो वाऱ्याने बसला, तेव्हा वृषाली आत होती. पण साडेचारच्या सुमाराला तंबू खरोखरच उभा राहिला. समोर निळं पाणी, पलीकडे डोंगराची सोंड, बाजेवर साळुबाई. चांगदेवांनी फोटो काढला आणि माळाच्या वरच्या टोकाला जाऊन, जिथे जेमतेम रेंज येत होती तिथून, सासरच्या ग्रुपवर पाठवला. मुक्कामाची जागाही पाठवली. 'आम्हीही बाहेर पडलो' असं खाली लिहिलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्यांना गाढ समाधान वाटलं. ते जेमतेम दहा मिनिटं टिकलं.

वाडीकडून चार माणसं येताना दिसली. पुढे पन्नाशीची एक बाई, काखेत रजिस्टर. मागे दोन बायका, आणि त्यांच्या मागे धोतरावर स्वेटर घातलेला, दमलेला एक गृहस्थ.

"मी सोनीबाई. अंगणवाडीची," बाई म्हणाली. "हे बहिरूअण्णा, पोलीसपाटील. लगीन कुनाचं हाये?"

"लग्न? कोणाचंच नाही."

"मांडव तर हाये."

"हा तंबू आहे."

सोनीबाईने शांतपणे तंबूला एक वळसा घातला. पाठीमागचं वाचलं आणि परत आली. "तुमचा तंबू पावन्यांना या म्हनतोय," ती म्हणाली.

तेवढ्यात हर्षाली कानातले इअरफोन काढत तंबूतून बाहेर आली.

"काय नाव गं बाळा तुजं?"

"हर्षाली."

सोनीबाईने मोबाइलमध्ये पाहिलं. "हर्षाली चांगदेव हिंगे. बराबर. वय?"

"पंधरा. दहावीला आहे."

"ऐकलं का, अण्णा?" सोनीबाई म्हणाली, आणि तिने रजिस्टर उघडलं.

आता कुठे चांगदेवांच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पाठोपाठ संताप. बालविवाह! त्यांच्यावर! "बाई, तुम्ही कोणाशी बोलताय याची कल्पना आहे का? मुलींच्या शिष्यवृत्तीचे अर्ज मी तपासतो! बावीस वर्षं!"

"मंग तुमाला तर आमच्या आधी कळाया पायजे व्हतं," सोनीबाई म्हणाली.

चांगदेवांनी ह्यापुढे वाद घातला नाही. शिकलेला माणूस वाद घालत नाही, कागद दाखवतो. त्यांनी पेटीतून प्लास्टिकची फाइल काढली आणि तोऱ्यात पोलीसपाटलांच्या हातात दिली. "घ्या! वाचा! सही-शिक्क्याची परवानगी आहे!"

बहिरूअण्णांनी चष्मा लावला आणि एकेक अक्षर सोडवत मोठ्याने वाचलं. "कार्यक्रमाचा परकार... इवाह. वधू... हर्षाली चांगदेव हिंगे. वर... ठरायचे आहे." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आवो, मांडव घातला आन नवरा ठरायचाय?"

मग वृषाली म्हणाली, अगदी हळू आवाजात, "अहो. पोरीचं नाव तुम्ही दिलंत?"

"नुसती फॉर्म्यालिटी होती."

"बाबा!" हर्षाली ओरडली. "माझं लग्न लावून टाकलंत तुम्ही? फॉर्मवर?"

सोनीबाईचा चेहरा एकदम मऊ झाला. ती हर्षालीला हाताला धरून चार पावलं बाजूला घेऊन गेली. "घाबरू नगंस. मी हाये. खरं सांग. तुला हितं कुनी बळंच आनलंय का?"

"हो," हर्षाली म्हणाली.

दोन्ही बायकांनी पदर तोंडाला लावले.

"बाबांनी आणलंय. मी नाही म्हणत होते. इथे रेंजसुद्धा नाही!"

"बघा!" सोनीबाई कडाडली. "पोरगी सोताच्या तोंडानं सांगतीय! आन नवरा कुटं दडवून ठिवलाय?"

"येतच आसंल वऱ्हाड," एक बाई म्हणाली.

आणि खरोखरच, वाडीच्या वळणावर हॉर्न वाजला. पांढरी गाडी धुरळा उडवत माळावर आली. दार उघडलं आणि अमृत खाली उतरला. अंगात क्रीम रंगाचा नवा झब्बा, कपाळाला गंध, डोक्याला गुलाबी फेटा, हातात पेढ्यांचा पुडा. जुन्नरला त्याच्या चुलतभावाच्या मुलाचा साखरपुडा होता. बायको तिथेच बायकांत रमली होती, आणि साडूभाऊंचा फोटो आल्याबरोबर 'जवळच आहे, जरा गंमत बघून येतो' म्हणून तो तसाच निघाला होता. त्याने हात पसरले आणि आनंदाने आरोळी ठोकली, "कुठंय आमची हर्षू?"

सोनीबाई त्याच्या आडवी उभी राहिली. "थांब तितंच! वय काय रं तुजं?"

"माझं? पंचेचाळीस. का हो?"

"पंचेचाळीस! पोटची पोरगी शोभंल, आन फेटा बांधून आलास? लाज कशी वाटत न्हाई तुला?"

अमृतला वाटलं, आपण गाडी कोणाच्या तरी पिकातून घातली. तो मागे वळून चाकं बघायला लागला. दोघी बायकांनी त्याला दोन्ही अंगांनी घेरलं. एकीने पेढ्यांचा पुडा पुरावा म्हणून काढून घेतला. फेटा एका कानावर आला.

चांगदेवांनी ह्या वेळी एक शब्द बोलायचा होता. तो शब्द त्यांच्या तोंडात तयारही होता. पण खरं सांगायचं तर, घामाने निथळणारा, झब्ब्याची बाही सोडवणारा, 'अहो मावशी, ऐका तरी' म्हणणारा अमृत बघताना त्यांच्या जिवाला असा काही गारवा वाटत होता, की तो शब्द जरा उशिरा बोलला तर काय बिघडतंय, असं त्यांना झालं. वृषालीने त्यांच्या बरगडीत कोपर मारलं. "बोला की!"

"तो नवरदेव नाही," चांगदेव म्हणाले. "माझा साडू आहे."

"साडूला पोरगी देताय?" सोनीबाई किंचाळली.

आता मात्र बाजेवरून साळुबाईंचा आवाज आला. त्या इतका वेळ पाय हलवत सगळं ऐकत होत्या. "अगं ए बाये, हिकडं ये. मी पोरीची आजी. माज्या येकुलत्या येक नातीचं लगीन आसतं, तर मी ह्या विटक्या लुगड्यात बसले आसते व्हय? बांगड्या भरल्यात का कुनी? पोरीला हळद दिसतीय का? आन सामान तर उघडून बघ. काय रांदायला आनलंय ते बघ."

हा पुरावा सोनीबाईला एकदम पटला. कागद काय, कोणीही करतं. बायका पेटीपाशी बसल्या. किलोभर तांदूळ, नूडल्सची पाकिटं, बेसन, आणि पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये बारा अंडी निघाली.

"लगनाला अंडी?" एक बाई म्हणाली.

"पहिल्या पंगतीला बी पुरायची न्हाईत," दुसरी म्हणाली.

सोनीबाईने रजिस्टर मिटलं. हर्षालीच्या डोक्यावरून हात फिरवला. "चुकलं आसंल तर माफ करा, दादा," ती चांगदेवांना म्हणाली. "पन मागल्या साली शेजारच्या गावात मी अर्धा तास उशिरा पोचले व्हते. अक्षता पडून गेल्या व्हत्या. तवापासून मी चौकशीला थांबत न्हाई. आदी जाते."

ह्यावर चांगदेवांना बरंच काही बोलायचं होतं. मानहानी, सरकारी नोकर, माफीनामा वगैरे. पण वृषाली सोनीबाईकडे अशा नजरेने बघत होती, की त्यांनी ते सगळं गिळलं. त्यांच्या कार्यालयातही दर जूनला चार-दोन मुली दाखला काढायला येत. 'कारण' ह्या रकान्यात 'लग्न' लिहिलेलं असे, आणि ते वय न बघता शिक्का मारत.

"पन कागदाचं काय?" बहिरूअण्णा म्हणाले. "वर गेलेल्या कागदात लगीन हाये. आता लगीन न्हाई असा जबाब घेतल्याबिगर मी हालू शकत न्हाई. मला जरा बसू द्या. सकाळपास्नं पाय दुखत्यात." आणि त्यांनी तंबूशेजारी लावलेल्या झालरीच्या आडोशाआड हात घालून आतली खुर्ची बाहेर ओढली.

"त्याच्यावर नको!" चांगदेव आणि वृषाली एकदम ओरडले.

उशीर झाला होता. बहिरूअण्णा बसले, आणि तसेच खाली जात राहिले. काखेपर्यंत गेल्यावर थांबले. गुडघे नाकाला लागले, दोन्ही वहाणा आभाळाकडे. डोहवाडीच्या पोलीसपाटलांना त्या अवस्थेत कोणी पाहिलं नव्हतं, आणि बायकांनी आता पाहून घेतलं. अमृतने एक हात ओढला, चांगदेवांनी दुसरा. वृषालीने खुर्ची धरली. तिसऱ्या हिसक्याला अण्णा बाहेर आले. उजवं मनगट चांगलंच मुरगळलं होतं.

"ही कसली खुर्ची म्हनायची?" अण्णांनी लालबुंद होऊन विचारलं.

चांगदेवांनी खालच्या आवाजात सांगितलं.

"वापरलीय का?"

"अजून नाही."

"देवाची कृपा," अण्णा म्हणाले. "आता जबाब तुमीच लिवा. माजा हात चालायचा न्हाई."

असा तो कागद चांगदेवांच्या हातात आला. ते पेटीवर बसले, मांडीवर सोनीबाईचं रजिस्टर घेतलं, आणि गेल्या पंधरवड्यात पहिल्यांदा त्यांना पायाखाली जमीन सापडली. 'मी, खाली सही करणार, चांगदेव हिंगे, राहणार जुन्नर, लिहून देतो की, सदर ठिकाणी कोणताही विवाह झालेला नाही, होणार नाही व होण्याचा उद्देश नव्हता.' अक्षर मोत्यासारखं. बायका वाकून बघायला लागल्या. अण्णांनीही मान डोलावली. "वा! आसं लिवनारा मानूस पंचायतीला पायजे. आता खाली कारन लिवा. लगीन न्हाई, मंग मांडव कशाला?"

चांगदेवांचं पेन थांबलं.

"घर न्हाई का तुमाला?" अण्णांनी मदत केली.

"आहे. तीन खोल्यांचं. पक्कं."

"घराला रंग काढलाय? ढेकून झाल्यात?"

"नाही!"

"घरात भांडान?"

"आता होईल," वृषाली म्हणाली.

"निसर्गाच्या सान्निध्यात राहण्यासाठी," चांगदेव म्हणाले.

"आमी बारा म्हयने हाये निसर्गात," अण्णा म्हणाले. "आमाला कुनी इचारत न्हाई. पक्कं घर सोडून बिबट्याच्या रानात म्हातारीला घिऊन आलाय, ते कशापायी? वर सायेब मला इचारनार."

चांगदेवांनी अमृतकडे पाहिलं. 'साडूमुळे' असं लिहिलं असतं तर ते सत्यच झालं असतं, आणि कागदावर खोटं लिहिण्याची त्यांना सवय नव्हती. पण अमृत तंबूच्या दोरीला अडकलेला आपला फेटा सोडवता सोडवता ती सैल झालेली दोरी मुकाट्याने पुन्हा खुंटीला आवळत होता. हर्षाली पाण्याच्या कडेला गेली होती. मोबाइल तिच्या खिशात होता आणि ती चपट्या दगडांनी भाकऱ्या काढत होती. चौथा दगड पाच टप्पे गेला. सोनीबाई बाजेवर साळुबाईंच्या शेजारी बसली होती, आणि दोघी अवसरीतल्या कोणा एका बाईच्या सासूबद्दल बोलत होत्या. ऊन डोंगराच्या सोंडेवर आलं होतं. चांगदेवांनी मांडीवरचं रजिस्टर सरळ केलं. मग त्यांनी कारणाच्या पुढे एकच शब्द लिहिला आणि खाली सही केली.

अण्णांनी रजिस्टर लांब धरून वाचलं. "हौस."

ते पुन्हा एकदा वाचून त्यांनी मान वर केली, आणि त्यांचा सगळा चेहरा मोकळा झाला. "हां! आसं सांगा की मंग, राव! हौस व्हती व्हय?"

"हौस हाये बया त्यांची," एक बाई दुसरीला म्हणाली, आणि दुसरीला ते लगेच पटलं.

"हौसंला मोल न्हाई," अण्णा म्हणाले. "माज्या चुलत्यानं हौसंपायी घोडं पाळलं व्हतं. बसायचा न्हाई त्याच्यावर. नुसतं पाळलं व्हतं. हौसंला कसली आलीय परवानगी!"

मग जे एवढा वेळ कोणालाच कळत नव्हतं, ते सगळ्यांना एकदम कळलं. सोनीबाईने वाडीतून भाकरी आणि ठेचा पाठवते म्हणून सांगितलं. एक बाई डासांना धुरी करायला शेणी आणायला गेली. अण्णांनी ठरवून टाकलं की बिबट्याच्या राखणीला वाडीतले चार गडी माळावरच झोपतील. त्यांना हवाच होता बहाणा. जप्त झालेले पेढे वाटले गेले. अमृतने एक पेढा चांगदेवांसमोर धरला आणि चाचरत विचारलं, "साडूभाऊ, गड्यांबरोबर मी पण इथेच पडलो तर चालेल? त्या दिवशी तंबूत मला झोपच लागली नव्हती. कमरेखाली रात्रभर दगड होता."

"माणशी अडीच हजार!" चांगदेव उसळून म्हणाले. "आणि दगडसुद्धा काढला नव्हता?" त्या क्षणी त्यांना साडूबद्दल जी कणव वाटली ती खरी होती.

निघताना बहिरूअण्णांनी मनगट चोळत हसून विचारलं, "मंग, साहेब? फिटली का हौस?"

चांगदेवांनी उत्तरासाठी बायकोकडे पाहिलं. वृषाली तीन दगड मांडून काटक्या रचत होती. स्टोव्ह तिने पेटीतून बाहेरसुद्धा काढला नव्हता.

"एवढ्यात कुठली फिटतेय, अण्णा?" ती म्हणाली. "अजून चूल पेटायचीय." आणि तिने काडेपेटी नवऱ्याच्या हातात दिली.